नॅशनल सिक्युरिटी लॉ: प्रोफेसर होऊन सल्ला द्यावा की सरकारात बसून?

अमेरिकेत नॅशनल सिक्युरिटी लॉमध्येच, म्हणजे युद्ध, पाळत, गुप्तता यांच्या कायद्यात, करिअर करायचं हे एकदा पक्कं झालं की पुढे दोन रस्ते दिसतात. एक म्हणजे लॉ स्कूलमध्ये प्रोफेसर व्हायचं, संशोधनाचे पेपर लिहायचे आणि मधे एखाद-दोन वर्षं रजा घेऊन वॉशिंग्टनला सल्लागार म्हणून जाऊन यायचं. दुसरा म्हणजे सरळ परराष्ट्र खातं, पेंटागॉन नाहीतर जस्टिस डिपार्टमेंटमध्ये कायमचा वकील म्हणून शिरायचं, आणि शिकवायची हौस असेल तर आठवड्यातून एक संध्याकाळ तासिकेवरचा अ‍ॅडजंक्ट म्हणून भागवायची. मी दुसऱ्या रस्त्याने आत गेलो, काही वर्षं राहिलो आणि मग पहिल्यावर आलो. पगार, पेन्शन, टेन्युअरची (कायमच्या प्रोफेसरकीची) वर्षं हे सगळं तुम्ही बघून ठेवलं असेलच. शिक्षणाच्या लोनमाफीचं म्हणाल तर सरकार काय आणि बहुतेक विद्यापीठं काय, दोन्हीकडे १० वर्षं नोकरी करून हप्ते भरले की उरलेलं माफ, तोच हिशोब आहे, तेव्हा त्यावरून काही ठरवायला जाऊ नका.

सरकारी बाजू आधी सांगतो, कारण तिचा मोह खरंच मोठा आहे. १८ सप्टेंबर २००१ ला सही झालेला तो लष्करी बळाच्या वापराचा कायदा घ्या, ९/११ च्या हल्ल्यामागच्यांवर बळ वापरायची परवानगी देणारं त्याचं मुख्य वाक्य ६० शब्दांचं. लॉ स्कूलमध्ये त्या वाक्यावर अख्खं सेमिस्टर जातं आणि शेवटी "यावर मतभेद आहेत" इथे येऊन आपण थांबतो. सरकारात तोच प्रश्न संध्याकाळी येतो की अमुक गट त्या वाक्यात बसतो का, आणि रात्रीपर्यंत हो की नाही ते सांगायचं असतं. मतभेद आहेत हे उत्तर तिथे चालत नाही, तुमच्या मेमोवर, म्हणजे लेखी कायदेशीर मतावर, कोणीतरी खरोखर पाऊल उचलणार असतं. ही जी जबाबदारी आहे ना, ती कुठल्याही पेपरमध्ये नाही. मला अजूनही सगळ्यात जास्त आठवण येते ती याचीच, आणि चर्चा करायला मिळणाऱ्या माणसांची, कारण वेगवेगळ्या खात्यांचे वकील एका टेबलाशी बसून एकमेकांचा मसुदा ज्या पद्धतीने फाडतात तसं लॉ रिव्ह्यूचे संपादकही फाडत नाहीत.

पण एक गोष्ट आहे. कायमचा वकील सहसा वरच्या खुर्चीत बसत नाही. ती खुर्ची बऱ्याचदा बाहेरून आलेल्याला मिळते, आणि तो बाहेरचा अनेकदा प्रोफेसरच असतो. हॅरॉल्ड कोह येल लॉ स्कूलचे डीन होते, तिथून २००९ मध्ये थेट परराष्ट्र खात्याचे मुख्य वकील, म्हणजे लीगल अ‍ॅडव्हायझर. जॅक गोल्डस्मिथ प्रोफेसर, २००३ मध्ये जस्टिस डिपार्टमेंटच्या ऑफिस ऑफ लीगल काउन्सेलचे (सरकारला कायदेशीर मत देणाऱ्या ऑफिसचे) प्रमुख, वर्षही पूर्ण नाही झालं, पण तेवढ्यात चौकशीतल्या छळासंबंधीचा आधीचा मेमो मागे घेऊन मग हार्वर्डला. म्हणजे प्रोफेसर उशिरा येतो आणि वर बसतो, आपण आधी येतो आणि त्याला ब्रीफिंग देतो. काहींना हे खुपतं. मला फारसं खुपलं नाही, कारण वर बसणाऱ्यांचे हालही जवळून दिसतात.

कोहंचंच बघा. आयुष्यभर राष्ट्राध्यक्षांच्या युद्धाधिकाराला लगाम हवा म्हणून लिहिलं आणि जून २०११ मध्ये सिनेटसमोर बसून सांगावं लागलं की लिबियातली कारवाई कायद्याच्या अर्थाने 'हॉस्टिलिटीज' (लढाई) नाही, म्हणून संसदेच्या परवानगीविना लढायला १९७३ च्या वॉर पॉवर्स ठरावाने घातलेली ६० दिवसांची मुदत लागू होत नाही. लोकांनी त्यांचेच जुने लेख काढून त्यांच्यापुढे धरले. उलट दिशेनेही तेच होतं. जॉन यू जस्टिस डिपार्टमेंटमध्ये छळासंबंधीचे मेमो लिहून बर्कलीला, आपल्या विद्यापीठात, परतले तर तिथे त्यांच्याविरुद्ध निदर्शनं झाली. डेव्हिड बॅरन यांचं फेडरल न्यायाधीशपद २०१४ मध्ये सिनेटने ५३ विरुद्ध ४५ ने मंजूर केलं खरं, पण त्याआधी ड्रोन हल्ल्यावरच्या त्यांच्या मेमोवरून चांगलंच रान पेटलं होतं. तेव्हा प्रोफेसर-सल्लागार हे दोन्हीकडचा मलिदा खातात असं जे म्हणतात त्यांनी हे पण बघावं. कायमच्या वकिलाचं नाव सहसा बाहेर येत नाही, आणि ती फार मोठी सोय आहे.

आता मला स्वतःला ज्याने बाहेर काढलं ते सांगतो. तुम्हाला ते क्षुल्लक वाटेल, आणि कदाचित तुमच्या बाबतीत असेलही.

क्लिअरन्स, म्हणजे गुप्त कागद बघायची सरकारी परवानगी, असलेल्या माणसासाठी एखादं गुप्त कागदपत्र फुटून पेपरात छापून आलं तरी ते गुप्तच राहतं. डिसेंबर २०१० मध्ये विकिलीक्सने गुप्त सरकारी कागद छापल्यानंतर व्हाईट हाऊसच्या बजेट ऑफिसने सगळ्या खात्यांना तसं कळवलं होतं, की हे ऑफिसच्या साध्या कॉम्प्युटरवर उघडू नका. २०१३ मध्ये स्नोडेनने सरकारी पाळतीच्या गुप्त स्लाईड्स फोडल्यानंतर तर कहर झाला. संध्याकाळच्या माझ्या क्लासमध्ये मुलं पाळत ठेवण्याच्या कायद्यावर पेपर लिहायची, आणि तो विषय आता त्या फुटलेल्या स्लाईड्सशिवाय शिकवताच येत नाही. एकदा एका मुलीने प्रेझेंटेशनमध्ये अशी एक स्लाईड पडद्यावर लावली, सगळ्या जगाने पाहिलेली, आणि मला म्हणावं लागलं की ही काढ, आपण कोर्टाच्या जाहीर झालेल्या निकालावरून बोलू. तिने विचारलं, "सर, पण हे तर पेपरात आहे." मी मान हलवली, हो पण नाही आणि नाही पण नाही. त्या खोलीत विषयातलं सगळ्यात जास्त कळणारा माणूस मी, आणि सगळ्यात कमी बोलू शकणाराही मीच! हे फक्त आमच्यासारख्या नोकरदारांपुरतं नाही, २०१५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाने एका पत्रकाराच्या भाषणाचं रेकॉर्डिंग अशाच स्लाईड्समुळे पुसून टाकलं होतं. पण प्रोफेसरसाठी तो अपवाद, माझ्यासाठी ती दर आठवड्याची गोष्ट होती.

लिहिण्याचं तर विचारूच नका. नोकरीत असताना लेख बाहेर पाठवायचा तर आधी सरकारी तपासणीला द्यायचा, आणि नोकरीत असलेल्याचं नुसतं गुप्त काही आहे का एवढंच बघत नाहीत, खात्याला अडचणीचं आहे का तेही बघतात. माझा स्थानबद्धतेवरचा एक लेख असाच जाऊन पडला. महिने गेले, मधे ज्या तरतुदीवर तो होता तीच काँग्रेसने (तिथल्या संसदेने) बदलली, आणि मग लेख परत आला तो एका वाक्यावर काट मारून, ज्या वाक्याला फुटनोट होती ती काँग्रेसमधल्या जाहीर सुनावणीची. कोणाचा दोष म्हणून सांगत नाही, तपासणाऱ्यावर ढीगभर फाईली असतात आणि नाही म्हणणं त्याला सोपं पडतं. पण त्या दिवशी मी लॉ स्कूलच्या जाहिराती बघायला लागलो.

बाहेर पडल्यावर हे संपतं असं समजू नका हं. १९८० च्या स्नेप खटल्यात सुप्रीम कोर्टाने सीआयएच्या माजी अधिकाऱ्याची पुस्तकाची सगळी कमाई सरकारला द्यायला लावली, आणि त्या पुस्तकात काही गुप्त होतं असा सरकारचा दावासुद्धा नव्हता, नुसतं आधी दाखवलं नाही एवढंच. पाच माजी कर्मचाऱ्यांनी, त्यात विद्यापीठात शिकवणारेही होते, या पद्धतीला आव्हान दिलं, ते २०२१ मध्ये अपील कोर्टात हरले आणि पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. म्हणजे मी आजही काही लेख आधी पाठवतोच. फरक एवढाच की आता निदान तत्त्वतः फक्त गुप्त काय ते बघतात, माझं मत बघत नाहीत. आणि मुलांनी पडद्यावर काय लावावं ते मला ठरवावं लागत नाही. माझ्यासाठी एवढा फरक पुरेसा ठरला.

शिवाय प्रोफेसरला आत जायचे दरवाजे वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. १९७० च्या एका कायद्याखाली विद्यापीठाची नोकरी न सोडता दोन वर्षं सरकारात जाता येतं, वाढवून चार. त्याहून कमी हवं असेल तर स्पेशल गव्हर्नमेंट एम्प्लॉयी, ३६५ दिवसांत १३० दिवसांपर्यंत. २०१५ च्या कायद्याने गुप्त पाळतीला परवानगी देणाऱ्या फायसा कोर्टाला बाहेरचे वकील मदतीला घेता येतात, त्या यादीत जॉर्जटाउनच्या लॉरा डोनोह्यूंसारख्या प्रोफेसरही आल्या. कायमच्या वकिलाला उलट्या दिशेचा दरवाजा इतका सहज उघडत नाही, कारण लॉ स्कूल विचारणार तुमचे पेपर कुठे आहेत, आणि तुमचं सगळं उत्तम लेखन तिजोरीत. अ‍ॅशली डीक्स परराष्ट्र खात्यातून व्हर्जिनियाला गेल्या आणि पुन्हा व्हाईट हाऊसलाही जाऊन आल्या, तेव्हा अशक्य नाही, पण असे थोडेच. आणि सरकारी नोकरी म्हणजे पक्की नोकरी हा जो एक मुद्दा तिकडच्या पारड्यात होता, तो जानेवारी २०२५ नंतरची सरकारी नोकरकपात बघता मी तरी छातीठोकपणे सांगणार नाही.

तरी सांगतो, लिहायची फार खाज नसेल, वर्गात मोकळेपणाने बोलायची गरज वाटत नसेल आणि निर्णयाच्या जवळ बसायचं असेल, तर सरकारच घ्या, प्रोफेसरकी तुम्हाला कंटाळवाणी वाटेल. ज्याला दर महिन्याला काहीतरी लिहिल्याशिवाय चैन पडत नाही त्याने मात्र आधी दोन-तीन पेपर आणि टेन्युअर गाठावं, मग आत जावं.

रस्ता कुठलाही घ्या, क्लिअरन्ससाठी भरायच्या एसएफ-८६ फॉर्मची तयारी आजपासून करा. गेल्या सात वर्षांत जवळचा, सततचा संबंध असलेला प्रत्येक परदेशी नागरिक त्यात लिहायचा असतो, आणि आपल्याकडे मामेभाऊ, चुलतबहीण, वहिनीचा भाऊ सगळेच जवळचे. माझा तो भाग भरताना घरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडून बसावं लागलं होतं. आणि क्लिअरन्स मिळायच्या आधी जे जे लिहिलंय, वाचलंय, ज्यावरून मत बनलंय, त्याची तारखेसकट एक फाईल करून ठेवा. पुढे तपासणीत एखाद्या वाक्यावर बोट ठेवलं की हे मला आधीपासून आणि जाहीर ठिकाणाहून माहीत होतं हे दाखवायला तीच कामी येते.