छोटी पॉटी की कमोडवरची सीट?

मूल शी-सू सांगायला तयार नाही, डायपर सोडायला तर त्याहून नाही. बहुतेक मुलं १८ महिने ते ३ वर्षं या दरम्यान कधीतरी तयार होतात. मग घ्यायचं काय, जमिनीवरची छोटी पॉटी की कमोडवर बसवायची लहान सीट?

माझं मत पॉटीकडे झुकतं. कारण साधं आहे: पाय जमिनीला टेकतात. पाय लोंबकळत असले की नीट जोर लावता येत नाही, शिवाय पडायची भीती. पॉटीवर मूल स्वतः बसतं, स्वतः उठतं. आमची लेक आधी आठवडाभर कपड्यांसकट बसायची, मांडीवर बाहुली घेऊन. आम्ही गप्प. मग एक दिवस तिनेच चड्डी खाली ओढली. हट्टी मुलाला 'हे माझं' वाटलं की निम्मं काम झालं. तोटा एकच, आणि तो रोज धुवावा लागतो!

सीटला ती कटकट नाही, आणि पुढे पॉटीवरून कमोडवर न्यायची दुसरी लढाईही वाचते. पण पायाखाली स्टूल हवंच. फ्लशच्या आवाजाला मूल घाबरत असेल तर ते बाहेर गेल्यावर पाणी सोडा.

वेळ मात्र दोन्हींत तीच: जेवणानंतर थोड्या वेळाने, कारण पोट भरलं की आतडी हलू लागतात. पाच मिनिटांत झालं नाही तर उठू द्या. शी कडक होत असेल, मूल दाबून धरत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. तोवर पॉटी काय नि सीट काय, दोन्ही कोपऱ्यातच.