‘गुड ओमन्स’ : आधी कादंबरी वाचावी की आधी मालिका पाहावी?

जगाच्या अंतावर लिहिलेली ही विनोदी कादंबरी आता दोन रूपांत समोर येते. टेरी प्रॅचेट आणि नील गेमन यांनी मिळून लिहिलेले पुस्तक १९९० साली प्रसिद्ध झाले. त्यावरची सहा भागांची मालिका २०१९ मध्ये अॅमेझॉन प्राइमवर आली आणि तिची पटकथाही गेमन यांचीच आहे. अझिराफेल हा देवदूत आणि क्रॉली हा नरकाचा प्रतिनिधी, दोघांची सहा हजार वर्षांची ओळख, सैतानाच्या मुलाची प्रसूतिगृहात झालेली चुकीची अदलाबदल आणि अकरा वर्षांनंतर येऊन ठेपलेला प्रलय, एवढे कथानक बहुतेकांना माहीत असते. म्हणून ते पुन्हा सांगत बसत नाही. दोन्ही रूपे अनुभवायची असतील तर कोणते आधी घ्यावे, आणि एकाच रूपापुरता वेळ असेल तर कोणते निवडावे, एवढाच येथे विचार आहे. क्रमाला महत्त्व अशासाठी, की या कथेतले विनोद पहिल्यांदा ज्या आवाजात कानावर पडतात, त्याच आवाजात ते पुढे आठवत राहतात.

पुस्तकाबद्दल वाचकांची मते फार टोकाची आहेत. बीबीसीने २००३ मध्ये ब्रिटनमधल्या वाचकांकडून आवडत्या कादंबऱ्यांचा कौल घेतला तेव्हा ‘गुड ओमन्स’ पहिल्या शंभरात, अडुसष्टाव्या क्रमांकावर होती. तरीही ती अर्ध्यावर सोडून देणारे वाचक कमी नाहीत, आणि त्यांच्या तक्रारी बहुतेक सारख्याच असतात: पात्रे फार, सुरुवात विस्कळीत, आणि लेखकांना गोष्ट पुढे नेण्यापेक्षा वाटेत थांबून गंमत करण्याची हौस अधिक. पुस्तकाला नेहमीसारखी क्रमांकित प्रकरणे नाहीत. अकरा वर्षांपूर्वीचा पूर्वरंग संपला, की बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार असे वार लागतात. गुरुवार-शुक्रवारच्या पानांमध्ये देवदूत व क्रॉली बराच काळ दिसत नाहीत आणि त्यांच्याऐवजी चेटकीण अ‍ॅनाथिमा, चेटकिणी शोधणारे न्यूटन पल्सिफर व सार्जंट शॅडवेल, मृतात्म्यांशी बोलणारी मादाम ट्रेसी आणि टॅडफील्ड गावातली चार मुले यांच्यात आलटूनपालटून फिरावे लागते. पुस्तक सोडून देणारे वाचक साधारणपणे याच टप्प्यावर सोडतात, असे माझे निरीक्षण आहे. त्यांना दोष देता येत नाही. त्यात शॅडवेलचे बोलणे कोणत्याच एका प्रांताचे नसलेल्या वेड्यावाकड्या इंग्रजीत लिहिलेले आहे, ते समजण्यासाठी मनातल्या मनात मोठ्याने वाचावे लागते. मालिकेत हीच अडचण मायकेल मॅकीन या अभिनेत्याने परस्पर सोडवली आहे.

काही वाचकांना पुस्तक जुनाट वाटते. फोनची उत्तरयंत्रे, कॅसेटी, लंडनभोवतीच्या एम-पंचवीस या १९८६ साली पूर्ण झालेल्या वर्तुळाकार महामार्गावरची चिडचिड, हे सगळे त्या काळाचे आहे. मादाम ट्रेसीच्या बैठकांमधले आणि काही शेरेबाजीतले विनोद आज कोणी तसेच लिहिणार नाही. मला मात्र या जुनेपणाचा त्रास झाला नाही, उलट एका ठिकाणी त्याने अनपेक्षित आनंद दिला. ब्रिटनची दशमानपूर्व नाणी समजावून सांगणारी एक तळटीप पुस्तकात आहे. फार्दिंग, पेनी, शिलिंग यांची ती उतरंड वाचून झाल्यावर कळते, की दशमान पद्धत फार गुंतागुंतीची होईल या भीतीने ब्रिटिशांनी ती कित्येक वर्षे टाळली. बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या मराठी वाचकाला ही गंमत समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे १९५७ मध्येच नवे पैसे आले. ब्रिटनला तेथे पोहोचायला १९७१ उजाडले. अशा तळटीपा पुस्तकभर विखुरलेल्या आहेत आणि त्या वगळून वाचणाऱ्याला पुस्तक निम्मेच मिळते. पडद्यावर तळटिपेला जागा नसते हे उघड आहे.

आता मालिकेच्या बाजूने जे म्हणायला हवे ते मोकळेपणाने म्हणतो. मायकेल शीन यांचा अझिराफेल आणि डेव्हिड टेनंट यांचा क्रॉली पाहिल्यावर दुसरे चेहरे कल्पनेत आणणे जवळजवळ अशक्य होते. पुस्तकात या दोघांची मैत्री गृहीत धरलेली आहे. ती चार-दोन वाक्यांत सांगून लेखक पुढे जातात. मालिकेच्या तिसऱ्या भागाचा जवळपास पूर्वार्ध ही मैत्री शतकांमागून शतके कशी मुरत गेली ते दाखवण्यात जातो, शीर्षके त्यानंतर उमटतात, आणि हा भाग पुस्तकात नाही. मला तो संपूर्ण मालिकेत सर्वांत सरस वाटतो. पुस्तकात नावापुरता असलेला मुख्य देवदूत गॅब्रिएल मालिकेत जॉन हॅम यांनी एखाद्या मोठ्या कंपनीतल्या उत्साही, निर्दय वरिष्ठासारखा उभा केला आहे, तोही फायदाच. स्वर्ग आणि नरक ही दोन्ही एकाच इमारतीतली कार्यालये आहेत ही कल्पना पडद्यावर लगेच पटते.

या फायद्यांची किंमत बाकीच्यांनी मोजली आहे. सैतानाचा मुलगा अ‍ॅडम आणि त्याची मित्रमंडळी पुस्तकात खऱ्या अर्थाने केंद्रस्थानी आहेत. मुलांच्या गप्पांतून, पर्यावरणाविषयीच्या अर्धवट वाचलेल्या मासिकांतून प्रलयाला आकार येत जातो, आणि ज्याच्या हाती जग बुडवण्याची शक्ती आहे तो मुलगा मुळात वाईटही नाही आणि साधूही नाही, एवढेच पुस्तकाला सांगायचे आहे. मालिकेत ही मुले दोन मोठ्या नटांच्या सावलीत जातात. चार घोडेस्वारांचेही तसेच झाले आहे. बायबलच्या ‘प्रकटीकरणा’तून आलेले, जगाच्या अंताची चाहूल देणारे युद्ध, महामारी, दुष्काळ व मृत्यू हे चौघे पुस्तकात मोटारसायकलींवरून येतात. त्यांतल्या महामारीने पेनिसिलिनविषयी काहीतरी पुटपुटत १९३६ मध्ये निवृत्ती घेतलेली असते व तिची जागा प्रदूषणाने पटकावलेली असते, दुष्काळ हा पोषणमूल्य नसलेले खाद्यपदार्थ विकणारा यशस्वी उद्योजक असतो. हे मालिकेत आहे. पण त्यांच्या मागोमाग जाणारी आणि स्वतःसाठी नवी भयंकर नावे शोधत बसलेली दुसरी मोटारसायकलस्वारांची टोळी मालिकेतून पूर्ण गाळली आहे. ज्याने पुस्तक वाचले नाही त्याला ही उणीव कळणारही नाही, आणि ज्याने वाचले आहे तो तेथे थोडा वेळ खट्टू होतो.

एवढ्यावरच प्रश्न असता तर मी दोन्ही पारडी समान मानली असती. माझा कल ठरवला तो वेगळ्याच गोष्टीने. मालिकेतले निवेदन ईश्वराच्या तोंडी दिले आहे. फ्रान्सेस मॅक्डॉर्मंड यांचा आवाज उत्तम आहे, शब्दोच्चारात किंचित मिश्कीलपणा आहे, आणि पुस्तकातली पुष्कळशी वाक्ये त्यामुळे टिकून राहिली हेही खरे. तरीही पहिल्या भागाच्या पहिल्या मिनिटापासून तो आवाज मला खटकू लागला आणि शेवटपर्यंत खटकत राहिला.

कारण साधे आहे. पुस्तकात निवेदक कोण हे सांगितलेले नाही. तो एक चौकस, थोडा खवचट, माणसांविषयी ममता असलेला आवाज आहे, आणि त्यालाही ईश्वराच्या मनातले ठाऊक नाही. सतराव्या शतकातल्या आर्चबिशप जेम्स अशर यांनी विश्वाची उत्पत्ती इसवी सनापूर्वी ४००४ मधल्या ऑक्टोबरात झाली असे गणित मांडले होते. त्यांचे गणित सुमारे पाव तासाने चुकले, असे पुस्तकाचा निवेदक गंभीर चेहऱ्याने सांगतो, आणि आपण धर्मपंडितांच्या आकडेमोडीला हसतो. मालिकेत तेच विधान ईश्वर करतो. मग ती चेष्टा उरत नाही, माहिती होते. पुढे ईश्वराच्या खेळाचे प्रसिद्ध वर्णन येते: काळोखी खोली, कोरे पत्ते, अमर्याद पणाला लावलेली रक्कम, नियम न सांगणारा आणि सतत हसत राहणारा पत्ते वाटणारा. पुस्तकात हे वर्णन अंधारात बसलेल्या खेळाडूंपैकी कोणीतरी करत आहे असे वाटते, त्यामुळे त्यात विनोदाबरोबर थोडी धास्तीही आहे. मालिकेत पत्ते वाटणाराच आपले वर्णन करतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती येथे पहिल्याच मिनिटाला उघडली जाते.

याचा परिणाम शेवटी जाणवतो. कळस सांगून टाकण्याचा हेतू नाही, तरी एवढे म्हणता येईल, की तेथे सगळे काही एका प्रश्नावर अडते: स्वर्ग व नरक ज्या ‘महायोजने’प्रमाणे युद्धाला निघाले आहेत, ती आणि ईश्वराची खरी, कोणालाही न कळणारी योजना या दोन्ही एकच आहेत का? दोन्ही बाजूंच्या वरिष्ठांना याचे उत्तर देता येत नाही, कारण विचारायचे कोणाला हेच त्यांना ठाऊक नसते. पुस्तक वाचताना आपणही त्यांच्याइतकेच अज्ञानी असतो. मालिका पाहताना मात्र ज्याला विचारायचे तो पाच तासांहून अधिक काळ आपल्या कानाशी बोलत असतो, आणि ऐन वेळी तो गप्प का, हा प्रश्न मला कथेबाहेर ओढून नेतो. कदाचित हा माझ्या स्वभावाचा दोष असेल. ज्यांच्याशी याविषयी बोललो त्यांतल्या काहींना हे खटकल्याचे आठवतही नव्हते, आणि एकाने तर तो आवाज हाच मालिकेतला आवडता भाग असल्याचे सांगितले. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

ईश्वराच्या आवाजावरून २०१९ मध्ये एक गमतीदार प्रकारही घडला होता. अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती संघटनेने ईश्वराला स्त्रीचा आवाज दिल्याबद्दल आणि सैतानी मंडळींना भले दाखवल्याबद्दल निषेध नोंदवत वीस हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन काढले, आणि मालिका रद्द करण्याची मागणी नेटफ्लिक्सकडे केली. मालिका अॅमेझॉनची होती. माझा आक्षेप त्या मंडळींच्या आक्षेपाशी जोडला जाऊ नये म्हणून स्पष्ट करतो, की आवाज कोणाचा आहे याला माझी काहीच हरकत नाही. ईश्वर बोलतो, एवढीच हरकत आहे.

म्हणून इंग्रजी कादंबऱ्या सवयीने वाचणाऱ्यांना माझा सल्ला पुस्तक आधी घेण्याचा आहे. गुरुवारच्या पानांवर कंटाळा आला तर रेटून शनिवारपर्यंत जावे, तेथे सगळे धागे अतिशय वेगाने एकत्र येतात. ब्रिटिश विनोदाची फारशी सवय नसेल किंवा बोलीतले इंग्रजी अडखळवत असेल, तर मालिका आधी पाहण्यात कमीपणा नाही. पात्रांचे चेहरे एकदा ठरले, की पुस्तकातली गर्दी बरीच सुसह्य होते. फक्त अशा वाचकाने नंतर पुस्तक उघडताना ते निवेदन मॅक्डॉर्मंड यांच्या आवाजात ऐकू नये असा प्रयत्न करावा, आणि तो प्रयत्न सोपा नाही हेही लक्षात ठेवावे.

दोन्हींच्या मधली एक वाट आहे, ती श्राव्य पुस्तकाची. शीन आणि टेनंट यांचेच आवाज असलेले आणि निवेदनासाठी रेबेका फ्रंट यांना घेतलेले बहुकलाकारांचे वाचन २०२१ पासून उपलब्ध आहे. त्यात मूळ मजकूर आहे, तळटीपा आहेत, आणि निवेदक पुन्हा निवेदकच आहे. रोजच्या प्रवासात ऐकायला ते चांगले आहे. मात्र प्रकरणे नसल्यामुळे मध्येच थांबून नंतर नेमके कोठे होतो हे शोधणे जिकिरीचे जाते. शिवाय मृत्यूचे संवाद पुस्तकात सगळे मोठ्या लिपीत छापलेले आहेत, त्यांचा पानावरचा थंड परिणाम कोणत्याही आवाजात येत नाही.

मालिकेचा २०२३ चा दुसरा हंगाम या निर्णयात धरू नये. त्याला कादंबरीचा आधार नाही, आणि पुस्तक एका खंडात पूर्ण होते तसे तो पूर्णही होत नाही. गोष्ट नेमकी दुखऱ्या जागी तोडून ठेवतो. पुढचा तिसरा हंगाम म्हणून जे जाहीर झाले होते ते नंतर नव्वद मिनिटांच्या एकाच भागापुरते आटोपते घेतले गेले. दुसऱ्या हंगामात ईश्वराचे ते सलग निवेदन काढून टाकले आहे, त्यामुळे मला तो पाहताना एका बाबतीत बरे वाटायला हवे होते. प्रत्यक्षात कोणाचेच निवेदन नसल्यामुळे पुस्तकाच्या त्या खवचट आवाजाची उणीव तेथेच मला अधिक भासली.