मसाई मारा, साबी सँड की चोबे: कॅमेरा घेऊन जाताना काय निवडावं?

ताडोबा, पेंच करून झालेल्या माणसाचा आफ्रिकेबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सिंह जास्त कुठे दिसतात?" फोटो काढायला जाणाऱ्याने हा प्रश्न मागे ठेवावा. केनियातलं मसाई मारा, दक्षिण आफ्रिकेतलं साबी सँड आणि बोट्स्वानातली चोबे नदी, तिन्हीकडे प्राण्यांचा तोटा नाही. फोटो वेगळे येतात ते तुम्ही कशात बसला आहात त्यामुळे. वाहन रस्ता सोडू शकतं का, लेन्स जमिनीपासून किती उंचीवर राहते आणि तुमच्या शेजारी किती माणसं हलत असतात, हे बुकिंग करतानाच ठरून जातं. तिथे गेल्यावर त्यात फार बदल करता येत नाही.

८० मीटर आणि १२ मीटर

माराचं राखीव क्षेत्र सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचं आहे आणि तिथे गाडीने रस्ता सोडायला बंदी आहे. हे आपल्याला ओळखीचं आहे, ताडोबातली जिप्सीही रस्ता सोडत नाही. फरक एवढाच की तिकडे झाडी नसते, त्यामुळे प्राणी दिसतो लांबून आणि राहतोही लांबच. चित्ता रस्त्यापासून ८० मीटरवर वाळवीच्या वारुळावर बसला आहे असं समजा. फुल फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ४०० मिमीची लेन्स त्या अंतरावर साधारण ७.२ मीटर रुंदीचा पट्टा टिपते. चित्त्याचं शेपटीशिवायचं शरीर सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे फ्रेमचा जेमतेम सहावा भाग. ६०० मिमी लावली तर पट्टा ४.८ मीटरचा होतो आणि चित्ता पाव फ्रेम व्यापतो. क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) असेल तर ४०० मिमीवरही जवळपास हेच मिळतं. म्हणून मारासाठी १५०-६०० किंवा २००-६०० मिमीची झूम लेन्स ही चैन नाही, गरज आहे.

साबी सँडचा हिशोब उलटा. क्रुगर राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेलं हे सुमारे ६५,००० हेक्टरचं खाजगी राखीव क्षेत्र. मधलं कुंपण १९९३ मध्ये काढलं. इथला गाइड बिबट्या किंवा सिंह दिसला की गाडी सरळ झुडपांत घालतो. बिबट्यांना गाड्यांची सवय आहे, त्यामुळे १२ मीटरवर बिबट्या ही रोजची गोष्ट. आता तीच ४०० मिमी लावून पाहा: १२ मीटरवर पट्टा १.०८ मीटर. अख्खा बिबट्या मावतच नाही, फक्त डोकं आणि खांदे. ६०० मिमी घेऊन गेलेला माणूस इथे लेन्स मांडीवर ठेवून बसतो आणि शेजारचा ७०-२०० वर काम करून घेतो. साबी सँडला एकच लेन्स न्यायची तर १००-४००, दोन न्यायच्या तर सोबत ७०-२०० एफ २.८ (कमी उजेडात चालणारी). रात्रीसाठी ती २.८ लागतेच.

जवळ जाण्याला एक तोटा आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. उघड्या लँड रोव्हरच्या मागच्या रांगेत किंवा माराच्या गाडीत छतातून उभं राहिलात की डोळे जमिनीपासून अडीच मीटरवर असतात. दहा मीटरवरच्या सिंहाकडे तुम्ही वरून खाली पाहता. मागे गवत, सिंह बुटका आणि बिचारा दिसतो. तोच सिंह ४० मीटरवरून ६०० मिमीने घेतला की खाली पाहण्याचा कोन अडीच अंशांच्या आत येतो आणि त्याच्यामागे दूरचं माळरान येतं. साबी सँडमध्ये म्हणूनच सर्वांत पुढची, म्हणजे सर्वांत खालची रांग मागावी. बहुतेक पाहुणे उंच म्हणून मागची रांग पकडतात, त्यामुळे पुढची मिळतेही. अडचण एकच: बॉनेटवरच्या खुर्चीतला ट्रॅकर (प्राण्यांचा माग काढणारा) फ्रेममध्ये येतो. बिबट्या किंवा सिंह जवळ असला की ट्रॅकर गाडीत येऊन बसतो, तोवर थांबायचं.

मारामध्ये 'मारा' म्हणजे नेमकं कुठे?

टूरच्या पत्रकावर नुसतं 'मसाई मारा' लिहिलेलं असतं, पण त्याखाली तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. मुख्य राखीव क्षेत्र. मारा नदीच्या पश्चिमेचा मारा ट्रँगल. आणि उत्तरेची नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ ही मसाई जमीनमालकांकडून भाड्याने घेतलेली कॉन्झर्व्हन्सी क्षेत्रं. कॉन्झर्व्हन्सीत रस्ता सोडता येतो, रात्री फिरता येतं आणि एका प्राण्याजवळ मोजक्याच गाड्या असतात. साबी सँडचे बरेचसे फायदे इथे माळरानासकट मिळतात. पण नदी ओलांडणारे विल्डबीस्ट (कळपाने फिरणारे मोठे कुरंग) पाहायचे तर राखीव क्षेत्रात जावं लागतं आणि त्याचं तिकीट वेगळं भरावं लागतं.

ते तिकीट आता हलकं राहिलेलं नाही. २०२४ पासून परदेशी प्रौढाला जुलै ते डिसेंबर २०० डॉलर, जानेवारी ते जून १०० डॉलर, तेही सकाळी ६ ते संध्याकाळी ६ या बारा तासांसाठी. पाच दिवसांचा हिशोब एकदा मांडून पाहा आणि मग विचारा, मला खरंच नदीचे फोटो हवे आहेत का?

हवे असतील तर जुलै अखेर ते ऑक्टोबर. कळप काठावर येऊन तीन-चार तास उभा राहतो आणि कधी कधी तसाच मागे फिरतो. पहिला प्राणी उतरेपर्यंत गाड्यांनी मागे थांबायचं असतं. त्यानंतर सगळ्या एकदम पुढे जातात आणि ज्याला फट मिळाली त्याला फोटो. शेजारच्या गाडीचा आरसा अर्ध्या फ्रेममध्ये येणं इथलं नेहमीचं दुखणं आहे. काठ कोणता, याकडेही बघा. नदी वळणं घेते, पण ढोबळमानाने सांगायचं तर दुपारनंतर ट्रँगलच्या बाजूने सूर्य तुमच्या पाठीशी असतो. प्राण्यांचा रंग आणि पाण्याचे शिंतोडे स्वच्छ येतात. पूर्वेच्या काठावरून उजेड समोरून येतो. धुळीत कडा उजळलेल्या काळ्या आकृत्या हव्या असतील तर हाच काठ चांगला. राहायची जागा त्यानुसार निवडायची, कारण पूल मोजके आहेत आणि ऐन वेळी काठ बदलता येत नाही.

नदीचा हट्ट नसेल तर आमच्या मते फेब्रुवारी जास्त चांगला. गवत कमी, तिकीट निम्मं, सिंह आणि चित्ते तिथलेच, कुठेही जात नाहीत. गाड्याही बऱ्याच कमी.

उजेड

मारा विषुववृत्तापासून दीड अंशावर आहे. सूर्य सरळ वर चढतो. साडेसहाला उगवला की मऊ पिवळा उजेड आठपर्यंतच, आणि नऊ-साडेनऊनंतर माळावर हवा थरथरायला लागते. ही थरथर फोटोत फोकस चुकल्यासारखी दिसते. बरेच जण परत आल्यावर लेन्सला दोष देतात, पण दोष ८० मीटरच्या तापलेल्या हवेचा असतो. कितीही महागडी लेन्स तो काढू शकत नाही. उपाय म्हणजे ३० मीटरच्या आत मिळेल तेच काढायचं, नाहीतर कॅमेरा खाली ठेवून नाश्ता करायचा.

साबी सँड जवळपास २५ अंश दक्षिणेला आहे. जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांच्या वर जात नाही. मारात तेव्हा तो ६५ अंशांवर असतो. म्हणजे साबी सँडला सकाळी दहापर्यंत चालण्याजोगा उजेड मिळतो. मात्र दिवस लहान, सव्वापाचच्या आसपास सूर्यास्त. आणि पहाटे उघड्या गाडीत थंडी अशी बोचते की बोटं शटर दाबायला तयार नसतात. पातळ हातमोजे न्याच.

अंधार पडल्यावर साबी सँड पुन्हा पुढे जातं. ट्रॅकर स्पॉटलाइटने बिबट्या दाखवतो आणि तुमच्या हातात फार तर दोन मिनिटं असतात. कॅमेरा आधीच मॅन्युअलवर लावून ठेवा: शटर १/१६० सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ २.८ किंवा जे सर्वांत मोठं असेल ते, आयएसओ ६४००. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा भोवतीचा काळोख बघून उजेड वाढवतो आणि बिबट्याचं तोंड पांढरंफटक पडतं, ठिपकेच जातात. ऑटोच हवं असेल तर एक्स्पोजर दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खाली घ्या. दुसऱ्या गाडीचा दिवा बाजूने पडत असेल तर आपल्या ट्रॅकरला आपला दिवा बंद करायला सांगा. समोरून पडणाऱ्या दिव्याने डोळे हिरवे चमकतात आणि चेहरा सपाट होतो. चित्ता, हत्ती, गेंडा यांच्यावर जबाबदार गाइड रात्री दिवा टाकत नाही. तिथे हट्ट धरू नये.

चोबे: गाडी नाही, बोट

बोट्स्वानाच्या उत्तर टोकाला कासाने गावाजवळची चोबे नदी हा तिसरा आणि आपल्याकडे कमी विचारात घेतला जाणारा पर्याय. चोबे नॅशनल पार्कमध्येही गाडी रस्ता सोडत नाही, तेव्हा गाडीसाठी इथे यायचं कारण नाही. यायचं ते बोटीसाठी. सपाट बोटीत लेन्स पाण्यापासून जेमतेम मीटरभर वर असते. काठावर पाणी पिणाऱ्या हत्तीकडे तुम्ही खालून वर पाहता, त्याच्या सोंडेतून गळणारं पाणी आभाळावर उमटतं. हा कोन मारात किंवा साबी सँडला कोणत्याही गाडीतून मिळत नाही.

हंगाम जून ते ऑक्टोबर. आतले पाणवठे आटत जातात तसे हत्ती तीन वाजल्यापासून नदीवर येऊ लागतात. काही सेडुडू बेटाकडे पोहत जातात, पाण्यावर फक्त सोंडेचं टोक. (या बेटावरून बोट्स्वाना आणि नामिबिया आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले होते, १९९९ मध्ये ते बोट्स्वानाला मिळालं. हत्ती दोन्हीकडे जातात.) पार्क नदीच्या दक्षिण काठावर आणि हिवाळ्यात सूर्य उत्तरेकडून, त्यामुळे बोट हत्तींच्या उत्तरेला उभी राहिली की उजेड आपोआप पाठीमागून येतो.

लेन्सची गंमत बघा. पंधरा मीटरवरचा अख्खा हत्ती मावायला ९० मिमी पुरते, आणि त्याच बोटीतून कवड्या खंड्या सूर मारताना टिपायला ६०० मिमीही कमी पडते. मधली लेन्स दिवसभर बॅगेत राहते. खंड्यासाठी १/३२००, हत्तीसाठी १/८००. उभा हत्ती असला तरी त्याखाली नको, कारण तुमची बोट हलते आहे.

दोन प्रकारच्या बोटी असतात आणि इथेच लोक फसतात. फिरती खुर्ची आणि तिला लेन्स टेकवायचा गिंबल (सगळीकडे वळणारा आधार) असलेली आठ-दहा जणांची फोटोची बोट वेगळी. बार, छत आणि कठडा असलेली संध्याकाळच्या सहलीची मोठी बोट वेगळी. दुसरीत चाळीस माणसं हत्तीच्या बाजूला सरकतात आणि बोट कलते. बुकिंग करताना बोटीचा फोटो मागवा. पाणघोडा आणि खोल पाणी यांच्या मध्ये बोट नेत नाहीत. 'थोडं पुढे घ्या' असं नाविकाला सांगू नये.

सिंह-बिबटे मुख्य असतील तर नुसत्या चोबेवर भिस्त ठेवू नका. तीन रात्री पुरतात.

गाडीत किती जण

एका मोठ्या खर्चाचं उत्तर इथे लपलेलं आहे. मारात अख्खी गाडी आपल्यासाठी घेणं तुलनेने परवडतं; तीन-चार मित्रांनी वाटून घेतली की प्रत्येकाला एक अख्खी रांग आणि दोन्ही बाजू. साबी सँडमध्ये लॉजच्या दरात दिवसाच्या दोन फेऱ्या येतात, पण गाडीत सहसा सहा पाहुणे, काही ठिकाणी नऊ. नऊवाल्या गाडीत मधल्या माणसाला फोटो विसरावे लागतात. शिवाय बाकीच्यांना पाच मिनिटांत पुढे जायचं असतं. तिथे स्वतंत्र गाडीचं शुल्क वेगळं आणि भरभक्कम लागतं. तेव्हा तेवढ्याच पैशांत मारात स्वतंत्र गाडीचे सहा दिवस की साबी सँडला वाटून घेतलेल्या गाडीचे तीन, असा प्रश्न असेल तर बिबट्याचं वेड नसलेल्या माणसाने माराच निवडावं.

गटाच्या टूरमध्ये सात जणांची व्हॅन असेल तर खिडकीची हमी लेखी घ्या. छत उघडल्यावर उभं राहायची जागा चौघांचीच असते.

नेताना

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराला जाणाऱ्या छोट्या विमानांत हातातल्या बॅगेसह १५ किलोचीच मुभा असते, तीही मऊ बॅगेत. ६०० मिमीची झूम, दोन बॉडी, चार्जर यातच सहा-सात किलो जातात. ट्रायपॉड घरी ठेवा, गाडीत उघडायला जागाच नसते. रिकामी बीन बॅग न्या आणि कॅम्पवर दोन-तीन किलो तांदूळ मागून भरा. माराच्या छतावर आणि खिडकीवर ती लागतेच. साबी सँडच्या गाडीला बहुधा दारंच नसतात, तिथे टेकवायला काही नाही, मोनोपॉड (एकपायी स्टँड) बरा. फोटो काढण्याआधी इंजिन बंद करायला सांगा. डिझेल इंजिनच्या कंपनात १/१००० ही हललेला येतो.

धुळीत लेन्स बदलणं टाळा. दोन बॉडींवर दोन लेन्स. कॅमेरा झाकायला उशीचा जुना अभ्रा सर्वांत चांगला. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, कॅरीबॅगमध्ये सामान गुंडाळून नेऊ नका. ड्रोन तिन्हीकडे नको. गेंड्याचा फोटो टाकताना त्यातली जागेची माहिती आधी काढून टाका. शिकारी तीच शोधत असतात.

केनियाला तीन गोल पिनांचा आपला प्लग चालत नाही, चौकोनी पिनांचा अ‍ॅडॉप्टर लागतो. दक्षिण आफ्रिका आणि बोट्स्वानात आपल्या गिझरसारखा मोठ्या तीन गोल पिनांचा प्लग चालतो. केनियाहून परतताना पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळं कार्ड भारतात मागतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, नाहीतर आल्यावर विलगीकरण. आणि महागडी लेन्स नेत असाल तर मुंबईहून निघताना कस्टमकडून सीरियल नंबरसह निर्गमन दाखला घ्या. परतताना नवी लेन्स आणली का, या प्रश्नाला तेवढं एकच उत्तर चालतं. काउंटरवर वेळ लागतो, तासभर आधी पोहोचा.