गळ टाकून बसताना डासांवर काय: मलम, तेल, कॉइल की जाळीची टोपी?

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. त्यामुळे ग्वाल्हेरच्या आसपास गळ घेऊन बसायचे दिवस येतात तेच मुळी डासांच्या ऐन भरात. दिवाळीपर्यंत तिघरा धरण असो, हरसी धरण असो की डबऱ्याकडचा सिंध नदीचा काठ, सूर्य कलला की मानेवर आणि घोट्यांवर हल्ला सुरू. (चंबळेचा विचार सोडून द्या, तिथे घडियाल अभयारण्य आहे आणि मासेमारीला मनाई आहे. तिघऱ्यालाही परवानगीची चौकशी करूनच बसावं, आणि मगरींमुळे पाण्याच्या कडेपासून जरा मागे.)

दरवर्षी या सुमाराला कोणी ना कोणी विचारतं की काय घ्यावं. चारही उपाय मी वापरले आहेत, तेव्हा माझ्यापुरतं सांगतो.

कॉइल लवकर निकालात काढता येते. बंद खोलीत ती काम करते, कारण धूर तिथेच कोंडून राहतो. धरणाच्या काठावर वारा असतो. धूर एका दिशेला जातो आणि आपण दुसऱ्या दिशेला बसलेले असतो. वारा पूर्ण पडला तर थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण कॉइलमधली पायरेथ्रॉइड जातीची औषधं माशांना फार विषारी असतात. राख किंवा उरलेला तुकडा पाण्यात टाकू नये, एवढं तरी वापरणाऱ्यांनी पाळावं.

तेलांबद्दल मला आपुलकी आहे. आमच्याकडे खोबरेल तेलात कडुलिंबाचं तेल मिसळून लावायची जुनी सवय, आणि सिट्रोनेलाचा वासही मला आवडतो. अडचण अशी की सिट्रोनेला भराभर उडून जातं. तास-दोन तासांत त्याचा जोर संपतो आणि गळ टाकून बसणारा माणूस तेवढ्यात उठत नाही. दुकानात मिळणारं साधं निलगिरीचं तेल मात्र डासांसाठी म्हणून घेऊ नका. परदेशात ज्याची शिफारस होते ते लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून काढलेलं, पीएमडी नावाचा घटक असलेलं औषध. ती वस्तूच वेगळी.

मग राहतं मलम. परिणामाच्या बाबतीत ते सगळ्यांत भरवशाचं आहे, हे मान्य करायलाच हवं. आपल्याकडच्या ओडोमॉसमध्ये डायइथाइल बेंझामाइड असतं, परदेशी फवाऱ्यांत बहुधा डीट. डीट अमेरिकी लष्करासाठी १९४६ साली तयार झालं. ग्वाल्हेरकरांना ठाऊक असायला हवं असं तिसरं नाव म्हणजे डेपा. डीट बनवायला लागणारा कच्चा माल भारतात सहज मिळत नव्हता, म्हणून आपल्याच शहरातल्या डीआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने सैनिकांसाठी हा पर्याय विकसित केला. डासांखेरीज इतर चावऱ्या किड्यांवरही तो चालतो. आपल्या गावात झालेल्या या कामाचा मला मनापासून अभिमान आहे.

डीट घेणार असाल तर टक्केवारीच्या मागे फार लागू नका. टक्का वाढला की परिणाम जास्त वेळ टिकतो, आणि ५० टक्क्यांच्या पुढे तोही फायदा जवळपास थांबतो. शिवाय डीट प्लास्टिकला खातं. चष्म्याची फ्रेम, घड्याळाची प्लास्टिकची काच, गळाच्या काठीवरचं व्हार्निश, फ्लाय फिशिंगच्या दोरीवरचं आवरण, या सगळ्यांना त्याचा धोका आहे. सुती आणि नायलॉनला काही होत नाही, म्हणून साधी नायलॉनची दोरी सुरक्षित.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला ती. मी रोहू आणि मृगळासाठी बसतो, आणि माझा चारा म्हणजे कणीक. तिच्यात थोडं भाजलेलं बेसन, कधी सत्तू. हा गोळा बोटांनीच मळावा लागतो, बोटांनीच गळाला लावावा लागतो, आणि मासा खाऊन गेला की पुन्हा तेच. मलम लावायचं तर तेही बोटांनीच. तळहात कितीही पुसला तरी नखांच्या कडेला, बोटांच्या पेरांत ते राहतं आणि तिथून थेट कणकेत जातं. मासे वास आणि चव पाण्यातूनच टिपतात, आणि रोहूच्या कुळातले मासे तर त्यात फार तरबेज. शेजारच्या काठीला, जिच्या मालकाने मलम लावलेलं नसायचं, एकामागून एक मासे लागत आणि माझी दोरी हलतसुद्धा नसे, हे मी इतक्या वेळा पाहिलं की मला आणखी पुराव्याची गरज उरली नाही.

हात धुवावेत म्हणाल, तर कुठे? तिघऱ्याचं पाणी सगळं शहर पितं. त्यात मलमाचे हात खळबळणं मला पटत नाही. घरून वेगळी बाटली आणि साबण नेऊनही पाहिलं. पण संध्याकाळी वाकलेली काठी सोडून हात धुवायला कोण उठणार? घामाने मलम उतरतं, तेव्हा पुन्हा लावायची वेळ येते ती नेमकी दिवस मावळताना. डास तेव्हाच सर्वांत जास्त असतात आणि मासाही तेव्हाच खायला येतो. ज्या घटकेला हात कोरडे, स्वच्छ आणि मोकळे हवेत, त्याच घटकेला मलम ते मागून घेतं.

म्हणून मी हळूहळू कपड्यांकडे वळलो. ढगळ, फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, तशीच पँट, तिचे पाय जाड मोज्यांत खोचलेले, आणि डोक्याला रुंद काठाची टोपी, तिच्यावरून मानेपर्यंत उतरणारी जाळी. ढगळ यासाठी की अंगाला चिकटलेल्या पातळ कापडातून डास सहज चावतो. फिका यासाठी की गडद रंगाकडे तो जास्त ओढला जातो. टोपीला काठ हवाच, नाहीतर जाळी गालाला टेकते आणि तिथेच डास बसतो. जाळी काळी घ्या. पांढऱ्या जाळीवर उजेड चमकतो आणि पाण्यावर तरंगणारा, मासा लागल्याची खूण देणारा फ्लोट नीट दिसत नाही. माझी जाळी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका शिंप्याने मच्छरदाणीच्या कापडातून शिवून दिली.

याचे तोटे आहेत. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी ते कपडे जड होतात. चहा प्यायचा तर जाळी वर करावी लागते, आणि अगदी अंधार पडायला आला की काळ्या जाळीतूनही फ्लोट दिसायला त्रास होतो. तळहात उघडेच राहतात, तिथे एखादा चावा बसतो. तो मी सोसतो. ज्यांना गरम अजिबात सहन होत नाही त्यांना कदाचित हे जमणार नाही.

कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारायची पद्धतही आहे. ती काठावर कधीही करू नका, ओलं परमेथ्रिन माशांसाठी जहर आहे. करायचीच तर घरी, आणि कपडे पूर्ण वाळवून.

मलम मी अगदी टाकलेलं नाही. घरून निघताना मान आणि घोट्यांना लावतो, मग साबणाने हात धुतो, आणि ट्यूब घरीच ठेवतो. तुम्ही कणकेने मासे धरत असाल तर माझा कल स्पष्टपणे जाळीकडे आहे. रीळ आणि कृत्रिम चारा वापरून पढीणसारखा शिकारी मासा धरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांचे हात चाऱ्यात नसतात, त्यांना मलमच सोयीचं पडेल, आणि ट्यूबवर डेपा लिहिलेलं मिळालं तर मी तेच घ्यायला सांगेन.