बहुपदीची शून्ये तपासायला कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस

दिलेली संख्या बहुपदीचं शून्य आहे का, म्हणजे ती चलाच्या जागी टाकली की बहुपदीची किंमत ० येते का, एवढंच बघायचं असेल तर या कॅल्क्युलेटरवरचं कामाचं बटण एकच, कॅल्क: भरलेल्या पदावलीत चलाची किंमत टाकून उत्तर देणारं. समीकरण सोडवणाऱ्या सॉल्व्हच्या नादी लागू नका. ते न्यूटनच्या रीतीने एका अंदाजापासून सुरुवात करून कुठलं तरी एक शून्य गाठतं. तुमच्या संख्येबद्दल काहीच सांगत नाही.

२क्ष³ − ३क्ष² − ११क्ष + ६ घ्या. पदावली एकदाच भरायची (चल येतो अल्फा आणि मग उजवा कंस दाबून), मग कॅल्क, किंमत ३, बरोबरचं चिन्ह. उत्तर ०. आता २ टाकून बघा: −१२, म्हणजे २ बाद. −२ ला पुन्हा ०.

कॅल्कची खरी किंमत या −२ वरच कळते. चलाच्या जागी थेट आकडे टाकले आणि कंस द्यायचा राहिला, तर −२² चं उत्तर −४ येतं, कारण यंत्र घात आधी करतं, उणे चिन्ह नंतर लावतं. मग सगळ्या पदावलीची किंमत ० ऐवजी २४ निघते. घनाच्या पदात ही गफलत लपते, कारण −२³ कंसाशिवायही −८च. कॅल्कमध्ये ही भानगडच नाही.

अपरिमेय संख्या मात्र मुळाचं बटण वापरूनच टाका. क्ष² − २ मध्ये √२ टाकलं की ०; १.४१४२१३५६२ टाकलं तर साधारण −१.०५५×१०⁻⁹. तो आकडा शून्य नव्हेच, त्यामुळे यंत्राला दोष नको.

बऱ्याच संख्या एकदम चाळायला टेबल मोड (चलाच्या किमती आणि त्यांची उत्तरं तक्त्यात दाखवणारा) झकास. वरच्या उदाहरणात परिमेय शून्य असलंच तर अंशात ६ चा विभाजक, छेदात १ किंवा २. म्हणून −६ ते ६, पायरी ०.५: एकूण २५ ओळी. एका फलनाला ३० ओळींची मर्यादा आहे, त्यात हे बसतं. −२, ०.५ आणि ३ समोर ० दिसतात.

समीकरण मोड ही तिन्ही शून्यं थेट देतो, पण घनापर्यंतच. चौथ्या कोटीपासून (सर्वांत मोठा घात ४) पुन्हा कॅल्क.

उणीव म्हणजे भागाकार मिळत नाही. ३ शून्य ठरलं तरी क्ष − ३ ने भागल्यावर येणारे भागाकाराचे सहगुणक २, ३, −२ आणि बाकी ० ही ओळ संश्लेषक पद्धतीने (फक्त सहगुणक मांडून भागण्याची रीत) कागदावरच मांडावी लागते. तिथे एखादं पद नसेल तर त्याच्या सहगुणकाच्या जागी ० लिहा, नाहीतर पुढची ओळ सगळी सरकते.