कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतला गोटी सोडा परत सुरू झालाय, एकदा जाऊन याच

मागच्या रविवारी अंबाबाईचं दर्शन झाल्यावर पप्पांना घेऊन मुद्दाम शुक्रवार पेठेत गेले, कारण वहिनी म्हणाली होती की ते सोड्याचं दुकान परत उघडलंय. मला आधी खरंच वाटेना. २०१९ च्या महापुरात त्या दुकानात माणूसभर पाणी होतं. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं, मग खालच्या अंगाच्या गल्ल्यांचं काय झालं असेल ते आपल्या सगळ्यांना माहितीच आहे. तेव्हा जे शटर खाली आलं ते आलंच. पुढं २०२१ ला परत पूर आला तेव्हा आम्ही तर धरूनच चाललो की संपलं आता ते.

दुकानाला नाव असं नाहीच. पाटीवर नुसतं 'सोडा वॉटर', खाली 'लेमन जिंजर मसाला'. तीच पाटी परत रंगवून घेतलीय. आत खुर्चीत म्हातारे अण्णा बसलेले, त्यांनी पप्पांकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "तू तालमीतनं आल्यावर दोन जिंजर प्यायचास न्हवं?" पप्पा ६८ वर्षांचे आहेत. ते काहीच बोलले नाहीत, जाऊन अण्णांच्या पाया पडले आणि शेजारच्या बाकड्यावर बसले.

आता दुकान नातू चालवतो. हा पोरगा एका फौंड्रीत कामाला होता, त्याला लोखंड-पितळ कळतं, आणि मला वाटतं दुकान वाचलं ते त्याच्यामुळंच. पुराच्या गाळानं जुनं मशीन पार गंजलेलं, एक भंगारवाला किलोच्या भावानं उचलायला तयार होता. ह्यानं ते खोलून शिवाजी उद्यमनगरात नेलं, पितळेचे व्हॉल्व्ह नवीन करून घेतले, दांडा लेथवर मारून घेतला, गॅसचं मीटर नवीन बसवलं. बाकीचा सांगाडा आजोबांच्या वेळचाच. मशीन फिरतं तेव्हाचा तो खडखड आवाज तसाच आहे, मी डोळे मिटून ऐकला.

ज्यांनी हे कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण खरी मजा त्याच्यातच आहे. बाटलीत थंडगार पाणी भरतात, ती लोखंडी पिंजऱ्यात ठेवून वरनं झाकण लावतात (बाटली फुटली तर काच अंगावर येऊ नये म्हणून, ते झाकण लावल्याशिवाय पोरगा दांड्याला हातच लावत नाही, हे मला आवडलं), गॅस सोडतात आणि हातानं दांडा गरागरा फिरवतात. बाटली उलटी झाली की आतली गोटी घरंगळत तोंडाशी येते, तिथं रबराची रिंग असते, आणि आतला गॅसच गोटीला त्या रिंगेवर असा दाबून धरतो की थेंब बाहेर येत नाही. ना बूच ना पत्रा, ज्या गॅसला कोंडायचं तोच दाराला कडी घालतो. हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसानं १८७२ मध्ये या बाटलीचं पेटंट घेतलं आणि दीडशे वर्षांत त्याच्यात फारसं काही बदलायची गरज पडली नाही. पाणी थंड का लागतं तेही त्या पोरानं सांगितलं, गार पाण्यात गॅस जास्त मुरतो, कोमट पाण्याचा सोडा दोन घोटांत मरतो. तुम्हाला गाड्यावर जो सोडा मिळतो तो पचकट का लागतो त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आणि पाण्यात गॅस मुरवायची युक्ती सापडली कुठं, तर बिअरच्या कारखान्यात. जोसेफ प्रिस्टली हा शास्त्रज्ञ इंग्लंडात लीड्सला अशा कारखान्याच्या शेजारीच राहायचा, आंबवण्याच्या पिंपांवर जो वायू साठतो त्याच्यात त्यानं १७६७ मध्ये पाणी धरून बघितलं. हे मी पप्पांना सांगितल्यावर माळकरी माणूस क्षणभर ग्लासाकडं बघतच राहिला, मग म्हणाले पाणी ते पाणीच, आणि प्यायले.

भिंतीवर शाहू महाराजांचा फोटो आहे, आणि तो या दुकानात हवाच. कोल्हापुरात सोडा म्हटलं की मला गंगाराम कांबळे आठवतात. महाराजांच्या पागेत कामाला असलेला माणूस, पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामना हॉटेल काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर ते हॉटेल होतं, महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा प्यायचे आणि बरोबरच्यांनाही प्यायला लावायचे. पुढं त्यांनीच गंगारामना सोडा वॉटरचं मशीन घेऊन दिलं. ज्याला पाण्याला शिवला म्हणून मारलं त्याच्याच हातचं पाणी गावानं पैसे मोजून प्यावं, एवढा मोठा विचार त्या एका मशीनमागं होता असं मला नेहमी वाटतं. लहानपणी पप्पांनी ही गोष्ट मला याच बाकड्यावर सांगितलेली.

आता चवीचं. साधा सोडा २० रुपये, लेमन आणि जिंजर ३०, मसाला ३५. साधा एक नंबर, नाकात झिणझिण्या येतात आणि ग्लास संपेपर्यंत बुडबुडे टिकतात. जिंजरमध्ये खरं आलं आहे, घशात उतरताना जळजळ जाणवते, तांबडा रस्सा हाणून आल्यावर याच्यासारखं काही नाही. लेमन मला गोड जास्त झालं, आधी इतकं गोड नव्हतं, पोराला सांगितलं तर म्हणाला लहान मुलं मागतात. मसाल्यात काळं मीठ जरा जास्तच पडतं, बेतानं टाका म्हणून आधीच सांगा. आणि त्यानं ते निळं-हिरवं सरबत घालून 'मोहितो' सुरू केलंय ५० रुपयाला, ते घेऊ नका, त्याच्यासाठी हे मशीन कशाला पाहिजे.

स्वच्छता मी मुद्दाम बघितली. या बाटलीचं दुखणं म्हणजे मानेत जिथं गोटी अडकते तिथं हात पोचत नाही, मागं दुसऱ्या एका ठिकाणी मला गोटीला हिरवं शेवाळ धरलेली बाटली मिळालेली, त्यानंतर वर्षभर मी गोटी सोड्याला शिवले नव्हते. इथं बाटल्या गरम पाण्यात भिजत घालतात, वाकड्या तारेच्या बारीक ब्रशनं मान घासतात आणि उजेडाकडं धरून बघितल्याशिवाय भरत नाहीत. पाणी फिल्टरचं, मशीन मागच्या खोलीत दिसतंय. रबराच्या रिंगा कधी बदलता विचारलं तर बदललेल्या जुन्या रिंगांचा डबाच पुढं ठेवला.

गैरसोय म्हणाल तर बसायला दोनच बाकडी, रविवारी संध्याकाळी अर्धा तास उभं राहावं लागलं, गाडी लावायला जागा नाही. यूपीआय चालतं. पार्सल मिळत नाही आणि त्याच्यावरनं एक जोडपं भांडताना बघितलं, पण पोराचं बरोबर आहे. या बाटल्या उत्तर प्रदेशातनं मागवाव्या लागतात आणि येताना वाटेत फुटतात त्या वेगळ्याच. अण्णा म्हणाले १९९० ला पेप्सी आली, १९९३ ला कोक परत आली, मागनं प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या, त्या परत द्यायची भानगड नाही, गिऱ्हाईक तिकडं गेलं ते गेलं.

निघताना पप्पांनी दुसरी बाटली मागितली. पोरगा फोडायला लाकडी ठोकळी घेऊन आला, तर पप्पांनी ती बाजूला सारली आणि अंगठा गोटीवर ठेवला. पहिल्यांदा सटकला. दुसऱ्यांदा खट् झालं, फेस हातावर आला, अण्णा खुर्चीतनं "हां!" म्हणाले.

दुपारी चार ते रात्री दहा उघडं, सोमवारी बंद. गंगावेशीकडनं चालत या, पाच मिनिटं लागतात. आणि प्यायल्यावर बाटली फळीवर आणून ठेवा, त्यांच्याकडं सगळ्या मिळून दोनशेच आहेत.