सावलीच्या कोपऱ्यासाठी टोड लिली: हिर्टा लावावी की फॉर्मोसाना?

बागेतली बरीचशी फुलं संपत आलेली असतात आणि झाडाखालचा सावलीचा पट्टा नुसता हिरवा राहिलेला असतो, नेमकी तेव्हा टोड लिली फुलते. लिलीच्याच कुळातली ही ट्रायसर्टिस हिमालयापासून जपान, तैवान, फिलिपिन्सपर्यंत रानात उगवते. बागेसाठी जास्त करून दोन जाती मिळतात: जपानची हिर्टा आणि तैवानची फॉर्मोसाना. दोघींची ठिपकेदार फुलं फोटोत इतकी सारखी दिसतात की फुलावरून ठरवायला गेलात तर फसाल. झाड वाढतं कसं, ते आधी बघा.

हिर्टा एका जागी ठोंब धरून राहते. पानाखोडांवर मऊ लव असते. खोडं कमानीसारखी वाकतात आणि जवळजवळ प्रत्येक पानाच्या बेचक्यातून फुलं येतात. त्यामुळे उतारावर किंवा उंच वाफ्याच्या काठाला लावली की अख्खी फांदी फुलांनी भरलेली दिसते. सपाट वाफ्यात मधोमध लावून तिची ही शोभा वाया घालवू नका.

फॉर्मोसानाची खोडं ताठ असतात. पानं चकचकीत, बऱ्याचदा गडद ठिपक्यांची. फुलोरा शेंड्याला येतो, म्हणून तो झुडपांच्या मागूनही नजरेत भरतो. ती जमिनीखालून धुमारे सोडत पसरते. मोठी मोकळी जागा भरायची असेल तर हा गुणच, पण शेजारी नाजूक रोपं असतील तर दरवर्षी कडेचे धुमारे काढावे लागतील. कुंडीसाठी मी हिर्टाच सुचवेन.

फूल जेमतेम 2.5 ते 3 सेंटीमीटरचं असतं. सहा पाकळ्यांपैकी बाहेरच्या तिघींच्या बुडाशी मधाचे फुगीर कप्पे असतात. ट्रायसर्टिस या ग्रीक नावाचा अर्थच 'तीन उंचवटे'. जपानीत हिला होतोतोगिसु म्हणतात, म्हणजे कोकिळेच्या कुळातला एक पक्षी, कारण हे ठिपके त्याच्या छातीवरच्या खुणांसारखे दिसतात. एवढं बारीक नक्षीकाम कुंपणापाशी कोण बघणार? जात कुठलीही घ्या, पायवाटेजवळ किंवा दाराशी लावा.

पाण्याच्या बाबतीत दोघीही हट्टी. माती सुकली की पानांच्या कडा करपतात आणि फुलं येईपर्यंत झाड केविलवाणं दिसायला लागतं. भरपूर कुजलेला पालापाचोळा, वर आच्छादन आणि पाणी न साचणारी जागा एवढं हवंच. मोठ्या झाडाची मुळं सगळी ओल ओढून घेत असतील तर दोन्हींपैकी एकही लावू नका. सावली हवी, पण अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात फुलं कमी येतात. सकाळचं कोवळं ऊन चालतं. कोवळे कोंब गोगलगायींना फार आवडतात, तेव्हा लक्ष ठेवा.

थंडी लवकर पडणाऱ्या ठिकाणी उशिरा आलेल्या कळ्या हिमाने मरतात. तिथे फॉर्मोसाना बरी, कारण ती सहसा हिर्टाच्या आधी फुलायला लागते. त्याहूनही लवकर फुलं हवी असतील तर पिवळ्या फुलांची लॅटिफोलिया शोधा.

दोन्हींचे गुण एकत्र हवे असतील तर 'सिनोनोमे' हा त्यांचा संकर बघा. ठोंब दाट झाला की वसंताच्या सुरुवातीला, कोंब वर यायच्या आत, तो विभागून लावा.